गव्हाचे वैद्य : डॉ. बेंजामिन पियरी पाल

दिल्लीकरांना पुसा हे नाव पुसा रोडमुळे ठाऊक असते. करोल बागेतून राजेंद्र प्लेसकडे जाणारा हा गजबजलेला रस्ता आणि पलीकडे इंद्रपुरीच्या बाजूला पसरलेली भारतीय कृषी अनुसंधान संस्थेची हिरवी शेते, या दोहोंना हे नाव कोठून आले, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. पुसा हे वास्तविक बिहारमधील एका गावाचे नाव. तत्कालीन दरभंगा जिल्ह्यातील या गावी १९०५ साली सरकारने शेतीसंशोधनाची संस्था उभारली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार भूकंपाने हादरला, संस्थेची मुख्य इमारत भंगली, आणि सरकारने ती पुन्हा न बांधता संस्थाच राजधानीत हलविण्याचे ठरविले. ७ नोव्हेंबर १९३६ रोजी दिल्लीत तिच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले. गाव मागे राहिले, पण गावाचे नाव संस्थेबरोबर आले. त्याच संस्थेबरोबर दिल्लीत आलेला तिशीचा एक मितभाषी वनस्पतिशास्त्रज्ञ पुढे या शहराचाच झाला. त्यांचे नाव डॉ. बेंजामिन पियरी पाल.

पाल यांचा जन्म २६ मे १९०६ रोजी पंजाबातील मुकंदपूर या गावी झाला. घरचे नाव ब्रह्मदास. वडील डॉ. रलाराम हे वैद्यकीय अधिकारी म्हणून ब्रह्मदेशात गेले आणि कुटुंबही त्यांच्यामागून तिकडे गेले. मेम्यो या थंड हवेच्या ठिकाणी सेंट मायकेल शाळेत या मुलाचे नाव बेंजामिन पियरी असे झाले व पुढे तेच कायम राहिले. शाळेच्या आवारात गुलाबांची एक सुरेख बाग होती. फुलांचे आणि चित्रकलेचे वेड त्यांना तेथेच लागले, आणि ते आयुष्याच्या अखेरपर्यंत सुटले नाही. शाळेतील बागेकडे पाहून अभ्यासातून लक्ष उडते असे मानणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

रंगून विद्यापीठातून त्यांनी १९२९ मध्ये वनस्पतिशास्त्राची एम. एस्सी. पदवी घेतली आणि विज्ञानाच्या सर्व शाखांत पहिले येऊन पारितोषिक मिळविले. त्यानंतर ते केंब्रिजला गेले. तेथे सर रोलंड बिफन आणि फ्रँक एंगलडो यांच्या हाताखाली त्यांनी गव्हाच्या संकरावर संशोधन करून डॉक्टरेट संपादन केली. बिफन यांचे नाव येथे थोडे थांबून घेतले पाहिजे. मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून शोधलेले अनुवंशाचे नियम विसाव्या शतकाच्या आरंभी जगाला पुन्हा सापडले, तेव्हा बिफन यांनी गव्हावर प्रयोग करून दाखवून दिले की, पिवळ्या तांबेऱ्याला तोंड देण्याची गव्हाची शक्तीसुद्धा याच नियमांनी आईबापांकडून पिढीत उतरते. हा निष्कर्ष १९०५ सालचा. रोगप्रतिकार ही दैवाची देणगी नसून वारसा आहे, आणि वारसा असल्यामुळे तो एका वाणातून दुसऱ्या वाणात आणता येतो, ही गोष्ट त्यातून प्रथमच निश्चित झाली. पाल यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज या एका विचारात आहे.

मायदेशी परतल्यावर काही महिने ब्रह्मदेशाच्या शेती खात्यात भातसंशोधनाचे काम करून, ऑक्टोबर १९३३ मध्ये ते बिहारच्या पुसा संस्थेत रुजू झाले. अवघ्या तीन महिन्यांत भूकंप झाला. संस्था दिल्लीस आल्यावर १९३७ साली त्यांची इंपीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट या पदावर नेमणूक झाली. याच संस्थेत पूर्वी अल्बर्ट हॉवर्ड व त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी भारतीय गव्हाच्या असंख्य देशी जातींतून निवड करून न्यू पुसा, म्हणजे एन. पी., या नावाची वाणे काढली होती. त्यांतील एन. पी. ४ हा गहू दाण्याच्या गुणवत्तेमुळे परदेशांतील प्रदर्शनांतही गाजला. दाणा टपोरा, पोळी उत्तम, परंतु तांबेऱ्यापुढे हे सारे गहू हतबल होत. पाल यांनी नेमके हेच दुखणे हाती घेतले.

तांबेरा हा शब्द खेड्यातून आलेल्या कोणाही मराठी माणसाला नवा नाही. कोठे त्याला गेरवा म्हणतात, उत्तरेकडे गेरुई किंवा रतुआ. ऐन ओंब्या भरण्याच्या दिवसांत गव्हाच्या पानांवर, खोडांवर गंजासारखे फोड येतात, आणि रोगट शेतातून चालत गेलेल्या माणसाच्या कपड्यांना तांबूस भुकटी लागते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. ओल्या दवात काही तास मिळाले की पानावर पडलेला बीजाणू रुजतो, पर्णरंध्रांतून आत शिरतो आणि हवा मानवल्यास आठदहा दिवसांत त्या जागी नवा फोड उमलतो. एकेका फोडातून हजारो बीजाणू बाहेर पडून पुन्हा वाऱ्यावर जातात. झाडाने दाण्यासाठी तयार केलेले अन्न बुरशी वाटेतच खाऊन टाकते. खोड फाटते, पाणी वर चढत नाही आणि मळणीच्या वेळी दाण्याऐवजी सुरकुतलेली टरफले हाती येतात. तांबेरा तीन प्रकारचा असतो. थंडी मानवणारा पिवळा तांबेरा उत्तरेत अधिक, उबदार हवा मागणारा काळा म्हणजे खोडावरचा तांबेरा मध्य व दक्षिण भारतात अधिक, आणि पानावरचा तपकिरी तांबेरा सगळीकडेच.

एकोणिसाव्या शतकात नर्मदेच्या खोऱ्यातील तांबेऱ्याच्या थैमानाचे वर्णन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. उभे पीक काही दिवसांत जावे आणि त्याचे कारण कोणालाही ठाऊक नसावे, अशा वेळी गावकरी तो देवाचा कोप मानीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण शास्त्रज्ञांनाही उत्तर ठाऊक नव्हते. भारताच्या मैदानी प्रदेशात गहू मार्च-एप्रिलमध्ये कापला जातो आणि पुढील पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. मे-जूनच्या आगीत तांबेऱ्याचा एकही बीजाणू जिवंत राहू शकत नाही. मग दर वर्षी रोग पुन्हा येतो कोठून? युरोप-अमेरिकेत काळा तांबेरा बार्बेरी नावाच्या झुडपावर आपल्या आयुष्याचा एक टप्पा काढतो, म्हणून तेथे ती झुडपे उपटण्याच्या मोहिमा निघाल्या. भारतातही तसेच असेल असे अनेकांना वाटत होते.

या कोड्याचा उलगडा आग्र्याच्या कॉलेजातील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी केला. वर्षानुवर्षे डोंगरदऱ्या पालथ्या घालून त्यांनी दाखवून दिले की भारतात बार्बेरीचा या रोगाच्या प्रसाराशी संबंध नाही. हिमालयाच्या रांगांत आणि दक्षिणेकडे निलगिरी-पळनीच्या डोंगरांत उन्हाळ्यातही थंडावा असतो. तेथे अवेळी पेरलेल्या किंवा आपोआप उगवलेल्या गव्हावर तांबेरा उन्हाळा काढतो आणि हिवाळ्यात वाऱ्याबरोबर मैदानात उतरतो. मेहतांनी हेही शोधले की एकाच तांबेऱ्याच्या अनेक पोटजाती असून एका वाणाला न बाधणारी पोटजात दुसऱ्याचा फडशा पाडते. या पोटजाती जोपासण्यासाठी त्यांनी शिमल्याच्या थंड हवेत प्रयोगशाळा थाटली. मेहतांचे निधन १९५० साली झाले. आपल्या शोधातून उभा राहिलेला गहू पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मेहता आणि पाल यांची कामे एकमेकांना पूरक होती. काणीसारखा रोग बियाण्याच्या पोटात बसून येतो. तो बियाण्यापाशीच गाठता येतो, आणि त्याच काळात पंजाबात लुथरा यांनी बी काही तास पाण्यात भिजवून मे-जूनच्या कडक उन्हात वाळविण्याचा साधा, बिनखर्चाचा उपाय शोधून काढला होता. तांबेरा तसा नाही. तो शेकडो मैलांवरून वाऱ्यावर येतो. शेजाऱ्याने, तालुक्याने, फार काय सबंध प्रांताने काळजी घेतली तरी त्याला वेशीवर अडविता येत नाही. गंधकाची धुरळणी करता येते, परंतु दोनचार एकर कोरडवाहू गव्हासाठी तो खर्च शेतकऱ्याच्या आवाक्यातला नव्हता. वाऱ्यावरून येणाऱ्या शत्रूला घरातच तोंड द्यायचे, तर घर म्हणजे झाड आणि त्याचे हत्यार बियाण्यातच असले पाहिजे. पाल यांनी या निष्कर्षावर आपल्या आयुष्याची उमेदीची वीस वर्षे लावली.

गव्हाचा संकर ही बोलायला सोपी आणि करायला अत्यंत कष्टाची गोष्ट. गव्हाचे फूल स्वतःच्याच परागांनी फळते. म्हणून ओंबी उमलण्यापूर्वी प्रत्येक फुलातील तिन्ही पुंकेसर बारीक चिमट्याने काढायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची, आणि योग्य वेळी दुसऱ्या वाणाचे पराग आणून त्या फुलांना द्यायचे. एका ओंबीतून मूठभरही दाणे मिळत नाहीत. ते पेरून आलेल्या झाडांचे दाणे पुन्हा पेरायचे, आणि दुसऱ्या पिढीत आईबापांचे गुण नाना तऱ्हांनी विखुरले जातात तेव्हा खरी निवड सुरू होते. या हजारो रोपांवर तांबेऱ्याचे बीजाणू मुद्दाम फवारायचे. जी मरतात ती मरू द्यायची. जी तगतात त्यांतून पुन्हा दाणा, उंची, पक्व होण्याचा काळ आणि पोळीची चव पाहून निवडायची. रोगाला दाद न देणारी परदेशी वाणे बहुधा उशिरा तयार होणारी, लाल दाण्याची, आपल्या उन्हात करपणारी असत. भारतीय गृहिणीला हवा असलेला पिवळसर, तेजदार दाणा आणि परदेशी गव्हाची प्रतिकारशक्ती एका झाडात आणायची, आणि तीही एक नव्हे तर तीन तांबेऱ्यांविरुद्ध, त्यांच्या अनेक पोटजातींविरुद्ध. एका पिढीला एक वर्ष. चुकले तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ.

हे काम चालू असतानाच १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने कहर केला. सुमारे २० लाख टन गहू नष्ट झाल्याचा अंदाज तज्ज्ञांनी दिला आहे. बंगालचा दुष्काळ होऊन पुरती चार वर्षे लोटली नव्हती, शहरांत शिधापत्रिका चालू होत्या आणि देश स्वतंत्र होत होता. प्रयोगशेतातील चिमटा आणि कागदी पिशवी यांचा देशाच्या भाकरीशी काय संबंध आहे, हे त्या वर्षी दिल्लीतील सरकारी कचेऱ्यांनाही कळले असेल. त्याच १९४७ च्या फेब्रुवारीत पुसा संस्थेतील कवकशास्त्रज्ञ डॉ. बी. बी. मुंडकुर यांच्या पुढाकाराने वनस्पतिरोगशास्त्राच्या अभ्यासकांची अखिल भारतीय सोसायटी स्थापन झाली. पाल यांनी त्यापूर्वीच, १९४१ साली, अनुवंशशास्त्र व पीकपैदास या विषयांची संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला होता. तिचे नियतकालिक त्यांनी सुमारे पंचवीस वर्षे संपादित केले. तरुण संशोधकांचे लेख ते बारकाईने तपासत आणि भाषेतील ढिलाई त्यांना खपत नसे.

१९५४ साली एन. पी. ८०९ हा गहू प्रसारित झाला. काळा, तपकिरी आणि पिवळा अशा तिन्ही तांबेऱ्यांना एकाच वेळी तोंड देणारा हा भारतातील पहिला गहू. पाठ्यपुस्तकांत गव्हाची कथा एकदम १९६६ पासून, मेक्सिकोच्या बुटक्या वाणांपासून सुरू होते आणि त्यामागची दोन तपे एका ओळीत गुंडाळली जातात. हा अन्याय आहे. एन. पी. ८०९ ने देशाची कोठारे भरली नाहीत हे खरे. ते उंच वाढणारे वाण होते, आणि खताची मात्रा जास्त झाली की उंच गहू लोळतो. परंतु तीन रोगांची प्रतिकारशक्ती एका दाण्यात एकत्र बांधता येते, हे या वाणाने सिद्ध केले, आणि ते सिद्ध करताना ज्यांचे हात तयार झाले त्यांनीच पुढचा गहू घडविला.

महाराष्ट्रातही या कामाची एक शाखा फुलत होती. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या केंद्रात स्थानिक गव्हाचा केनियातील रोगप्रतिकारक गव्हाशी संकर करून केनफड नावाची वाणे काढण्यात आली. केनिया आणि निफाड या दोन दूरच्या मुलुखांची सोयरीक त्या नावातच आहे. महाबळेश्वरला तर गव्हाच्या गेरव्यावर संशोधन करणारे केंद्र आहे. सहलीला जाणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना ते माहीत असते. स्ट्रॉबेरी सर्वांना दिसते, पण थंड, दमट हवेत मुद्दाम वाढविलेला रोगट गहू पाहायला कोण जाणार? पुढे १९७० नंतरच्या दशकात दिल्लीच्याच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की निलगिरीकडून काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू चक्रीवादळांच्या वाऱ्यांबरोबर निघून पावसाच्या थेंबांतून खाली उतरतात. निलगिरीहून मध्य भारताकडे जाणारी ही वाट कर्नाटक-महाराष्ट्रावरून जाते.

पाल १९५० साली पुसा संस्थेचे संचालक झाले. आता चिमटा दुसऱ्यांच्या हाती देणे भाग होते. त्यांच्या कारकिर्दीत निलगिरीतील वेलिंग्टन येथे गव्हाचे उपकेंद्र सुरू झाले, जेथे मैदानात उन्हाळा असतानाही पीक घेता येते आणि तांबेरा तर घरचाच असतो. १९५८ मध्ये संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळून पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. एका वाणावर विसंबता येणार नाही, ही जाणीव या सर्व रचनेच्या मुळाशी होती. झाडाची प्रतिकारशक्ती हे कुलूप मानले तर बुरशी सतत नव्या किल्ल्या घडवीत असते. एकच वाण हजारो मैल पेरले गेले की त्याची किल्ली ज्या पोटजातीला सापडते ती मोकाट सुटते. कुलूप बनविणारा एक कारागीर पुरेसा नाही. त्यासाठी कारखाना लागतो, आणि कारखान्यात सतत नवे शिकाऊ उमेदवार लागतात.

साठच्या दशकात संस्थेतील डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी मेक्सिकोतील बुटक्या गव्हाचे महत्त्व ओळखून नॉर्मन बोरलॉग यांना भारतात बोलवावे असे सुचविले, तेव्हा संचालक या नात्याने पाल यांनी तो प्रस्ताव उचलून धरला. बोरलॉग १९६३ मध्ये आले. त्यांचेही मेक्सिकोतील कार्य काळ्या तांबेऱ्याविरुद्धच सुरू झाले होते. मे १९६५ मध्ये पाल भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. या पदावर बसणारे ते पहिले शास्त्रज्ञ. पुढची दोन वर्षे दुष्काळाची होती. १९६६ साली देशाला सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले आणि त्याच वर्षी मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे मागविण्याचा धाडसी निर्णय झाला. १९६४-६५ साली सुमारे १ कोटी २३ लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. १९६८ साली डाक खात्याने गहू क्रांतीचे तिकीट काढले. त्यावर गव्हाच्या ओंब्यांबरोबर पुसा संस्थेच्या ग्रंथालयाची इमारत आहे. जमिनीतील पिकासाठी पुस्तकांच्या इमारतीचे चित्र निवडणाऱ्या कलावंताला दाद द्यावीशी वाटते.

त्याच काळात प्रसिद्धीस आलेले कल्याण सोना हे वाण देशभर पेरले गेले, आणि काही वर्षांतच, सत्तरच्या दशकाच्या आरंभी, तपकिरी तांबेऱ्याने त्याचे कुलूप उघडले. त्या वेळी हाताशी दुसरी वाणे तयार होती म्हणून हाहाकार झाला नाही.

पाल अविवाहित होते. कार्यालयाबाहेरचा त्यांचा सर्व वेळ गुलाबांना, चित्रांना आणि लेखनाला मिळे. त्यांनी गुलाबांची अनेक नवी वाणे निर्माण केली. त्यांपैकी एका शुभ्र गुलाबाला त्यांनी डॉ. होमी भाभा हे नाव दिले, तर एका गुलाबी फुलाला दिल्ली प्रिन्सेस. भारतीय गुलाब संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. १९६६ साली त्यांचे भारतातील गुलाबांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि वेली, बोगनवेल यांवरही त्यांनी लिहिले. गव्हाचा माणूस गुलाबाकडे वळला असे समजण्याचे कारण नाही. मेम्योच्या शाळेतील मुलगा आधी गुलाबाचाच होता. शिवाय गुलाबावर भुरी येते, पानांवर काळे ठिपके पडतात आणि फांद्या शेंड्याकडून वाळत जातात. देखणे फूल आणि निरोगी झाड यांचा मेळ घालणे गव्हाइतकेच कठीण असते, इतकेच की त्यावर कोणाची भाकरी अवलंबून नसते.

जानेवारी १९७२ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले आणि भारत सरकारने पर्यावरणविषयक राष्ट्रीय समितीचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे सोपविले. पद्मश्री व पद्मभूषण हे सन्मान त्यांना पूर्वीच लाभले होते. १९८७ साली पद्मविभूषणही मिळाले. १४ सप्टेंबर १९८९ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुसा संस्थेचे एक सभागृह आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. संस्थेच्या गव्हाच्या वाणांना आता एन. पी. ऐवजी एच. डी., म्हणजे हायब्रिड दिल्ली, अशी अक्षरे लागतात. २०११ साली प्रसारित झालेले एच. डी. २९६७ हे वाण पंजाब-हरियाणात अफाट लोकप्रिय झाले, आणि कालांतराने पिवळ्या तांबेऱ्याने त्यातही शिरकाव केला. दर वर्षी डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या शेतांत माणसे पानांवरच्या पिवळ्या रेघा शोधीत फिरतात आणि गोळा केलेली पाने शिमल्याला पाठवितात. तिकडे पुसाच्या वाफ्यांतून, कागदी पिशव्या चढविलेल्या ओंब्यांमध्ये, पुढचे वाण तयार होत असते.